शिक्षणाचे वार्तांकन जिल्ह्यातूनच का शिकावे

यवतमाळ जिल्ह्यातील तालुक्याच्या एका गावी राहणाऱ्या, जनसंवादाची पदवी नुकतीच घेतलेल्या आणि स्थानिक यूट्यूब वाहिनीसाठी बातम्या करणाऱ्या एका तरुणीने तीन गोष्टी विचारल्या आहेत. दूरचित्रवाणी किंवा आकाशवाणीवर शिक्षण हाच विषय घेऊन काम करायचे असेल तर सरळ मुंबई-पुणे गाठावे का, त्यासाठी नेमके काय शिकावे, आणि या कामावर घर चालते का. मी आधी आकाशवाणीसाठी आणि नंतर एका वृत्तवाहिनीसाठी अमरावती विभागातून हेच काम बरीच वर्षे केले आहे. त्या अनुभवावरून हे उत्तर लिहीत आहे. त्यात माझी मतेही आली आहेत, ती मते म्हणूनच वाचावीत.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर सुरुवातीलाच देतो: एवढ्यात जाऊ नका. शिक्षणाची बातमी बहुतेक वेळा कागदावर घडते. पटसंख्या, संचमान्यता (पटावरून शाळेला किती शिक्षक मंजूर हे ठरवणे), अनुदानाचा टप्पा (शाळेला टप्प्याटप्प्याने मिळणाऱ्या सरकारी अनुदानाची पायरी), समायोजन (जास्तीच्या शिक्षकांना दुसऱ्या शाळेत सामावणे), बिंदुनामावली (आरक्षणानुसार पदांची नोंद) यांतले काहीही कॅमेऱ्याला दिसत नाही; दिसतो तो त्यांचा परिणाम, आणि तो कुठल्यातरी गावातल्या दोन खोल्यांच्या शाळेत, निर्णय झाल्यानंतर सहा-आठ महिन्यांनी दिसतो. मंत्रालय सांभाळणाऱ्या प्रतिनिधीला कागद लवकर मिळतो, पण ती शाळा त्याच्यापासून शेकडो किलोमीटरवर असते. तालुक्याच्या प्रतिनिधीला शाळा हाताशी असते, पण कागद वाचण्याची सवय नसते, म्हणून त्याची बातमी ‘छत गळते, शिक्षक नाहीत, ग्रामस्थांनी शाळेला कुलूप ठोकले’ एवढ्यावर थांबते. हे दोन्ही धागे दोन मिनिटांच्या एकाच बातमीत जोडू शकणारी माणसे मराठी वाहिन्यांत फार थोडी आहेत, आणि ती जोडणी शिकायला जिल्ह्यासारखी जागा नाही, कारण इथे शिक्षणाधिकाऱ्यांचे कार्यालय आणि शेवटच्या टोकाची शाळा एका दिवसात पाहून होते.

मुंबईतून विदर्भाची शाळा कशी दिसते याचे एक उदाहरण दरवर्षी जूनमध्ये मिळते. उर्वरित महाराष्ट्रात १५ जूनच्या सुमारास शाळा उघडतात आणि वाहिन्यांवर गुलाब, फुगे, बैलगाडीतून काढलेली मिरवणूक, पहिल्या दिवशी रडणारी मुले असा सगळा प्रवेशोत्सव दिवसभर चालतो. विदर्भात उन्हामुळे शाळा त्यानंतर आठवडा-पंधरवड्याने सुरू होतात. २०२३ मध्ये त्या ३० जूनला आणि २०२५ मध्ये २३ जूनला उघडल्या. आपल्याकडची घंटा वाजते तेव्हा डेस्कच्या, म्हणजे वाहिनीच्या मुख्यालयातील संपादकीय विभागाच्या, लेखी तो विषय संपलेला असतो. याचा राग मानण्यापेक्षा उपयोग करून घ्यावा. त्या मधल्या दिवसांत पाठ्यपुस्तके तालुक्याच्या गटसाधन केंद्रात आली की नाहीत, बदलीने गेलेल्या शिक्षकांच्या जागी कोणी रुजू झाले की नाही, उन्हाळ्यात वादळाने उडालेले पत्रे परत बसले की नाहीत, हे शांतपणे पाहता येते. पहिल्या दिवशी शाळेत कोणी नेता फुले वाटत असताना यातले काहीच पाहून होत नाही.

शिक्षण खात्याचे स्वतःचे एक वर्ष असते आणि ते पंचांगासारखे पाठ असावे लागते. त्यातला माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा दिवस ३० सप्टेंबर आहे, ज्याची बातमी जवळजवळ कोणीच करीत नाही. त्या तारखेची पटसंख्या धरून शाळेला पुढे किती शिक्षक मंजूर होणार हे ठरत आले आहे. त्यामुळे सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात मुख्याध्यापक दारोदार मुले शोधत फिरतात, शेजारच्या दोन संस्थांमध्ये एकाच मुलावरून ओढाताण होते, आणि कधी कधी मूल कागदावर दोन्हीकडे असते. ऑक्टोबर २०११ मध्ये राज्यभर एकाच वेळी पटपडताळणी झाली होती; एका मुलाची दोन शाळांत मोजणी होऊ नये म्हणून तेव्हा मुलांच्या बोटांना मतदानासारखी शाई लावली होती. तो प्रसंग दृश्यरूपात इतका बोलका होता की सर्व वाहिन्या धावल्या. पण त्यानंतर आधार जोडणी आणि यू-डायस प्लस, सरल अशा विद्यार्थ्यांच्या ऑनलाइन नोंदींच्या प्रणालींतून ती मोजणी संगणकावर गेली आणि शाई नाहीशी झाल्याबरोबर वाहिन्यांचे लक्षही उडाले. आज आधार क्रमांकातील चुकीमुळे प्रत्यक्ष वर्गात बसलेले मूल संचमान्यतेत धरले जात नाही, अशी तक्रार तुम्हाला जवळपास प्रत्येक केंद्रात, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटात, ऐकू येईल. शाईपेक्षा ही बातमी मोठी आहे. फक्त ती दाखवायची कशी, हे तुम्हाला शोधून काढावे लागेल.

हे दाखवणे म्हणजे काय, ते जवळून सांगतो. चिखलदरा तालुक्यातील एका द्विशिक्षकी शाळेत फेब्रुवारीत गेलो होतो. जिल्हा परिषदेच्या बहुतेक शाळांत फळ्याच्या वरच्या कोपऱ्यात वार, दिनांक, पट आणि हजर असे खडूने लिहिलेले असते. तिथे पट ३१ आणि हजर १४ होते. आमच्या कॅमेरामनला मी तो कोपरा पाच सेकंद स्थिर धरायला सांगितला, मग कॅमेरा हळूहळू खाली आणून बसण्याच्या पट्ट्यांवर नेला, ज्यांच्या अर्ध्या भागावर कोणीच नव्हते. गुरुजी कॅमेऱ्याकडे न पाहता, हजेरी लिहिता लिहिता बोलले: “मायबाप हरभरा सोंगाले खाली गेले, पोरंही संग गेले. होळीले येतीन.” खाली म्हणजे अकोट-दर्यापूरकडच्या मैदानी भागात. एवढ्या वीस-पंचवीस सेकंदांत आकडा आला, रिकामी जागा आली, कारण आले आणि परत येण्याची वेळही आली. मला निवेदनात फक्त एवढेच जोडायचे होते, की अशा मुलांसाठी हंगामी वसतिगृहाची तरतूद असते आणि त्या गावात ते त्या वर्षी मंजूर झाले होते की नाही. डेस्कवरून मात्र फोनवर पहिला प्रश्न आला तो असा, की एक शिक्षक रजेवर आहे ना, मग ‘गुरुजी गायब’ असे चालवू का. अशा वेळी नम्रपणे पण ठाम नकार देता आला पाहिजे, आणि नकारासोबत पर्यायी मथळाही तयार पाहिजे. नुसता नकार डेस्कवर टिकत नाही.

स्थलांतराचे वेळापत्रक जिल्ह्यागणिक वेगळे आहे. गडचिरोली आणि चंद्रपूरच्या दक्षिणेकडील गावांतून मिरची तोडायला तेलंगणात जाणारी कुटुंबे जानेवारीपासून बाहेर पडतात. यवतमाळ, वाशीमकडच्या तांड्यांवरून ऊसतोडीला जाणारे दिवाळीच्या आसपास निघतात. मोहफुलाच्या दिवसांत सकाळची शाळा निम्मी रिकामी असते. वार्षिक परीक्षा, मूल्यमापन आणि निकाल या साऱ्यांवर त्याची छाया असते. निकालाच्या दिवशी ‘कोकण पुन्हा अव्वल’ असे सांगून अमरावती-नागपूर विभागांना खालच्या क्रमांकावर टाकले की वाहिनीचे काम संपते. तुमचे तिथून सुरू होते.

भाषेच्या प्रश्नावरही असेच घडते. १६ एप्रिल २०२५ च्या शासन निर्णयाने पहिलीपासून हिंदी आणली, जूनमध्ये त्यात बदल झाला आणि २९ जूनला दोन्ही निर्णय मागे घेतले गेले. त्या अडीच महिन्यांत स्टुडिओतील चर्चांमध्ये ‘मराठी मूल’ हा शब्द अगणित वेळा आला असेल. धारणीतील मुलाची घरची भाषा कोरकू आहे, भामरागडच्या मुलाची माडिया आहे, पांढरकवड्याच्या पोडावरच्या (कोलामांच्या वस्तीवरच्या) मुलाची कोलामी आहे आणि दिग्रसच्या तांड्यावरच्या मुलाची गोरमाटी आहे. त्यांच्यासाठी शाळेतली पहिली नवी भाषा मराठीच असते. पहिलीच्या वर्गात शिक्षक ‘झाड’ म्हणतात आणि मूल आपल्या शेजाऱ्याला विचारून मग मान हलवते, हे ध्वनिमुद्रित केले असते तर चर्चेला वेगळे वळण मिळाले असते. मुंबईत बसलेल्या पत्रकाराला हे सुचणे अवघड होते. तुम्हाला ते घराबाहेर पडताच ऐकू येते, आणि म्हणून निदान कामापुरती एक स्थानिक भाषा समजून घेणे हे मी तुमच्या शिक्षणाचा भाग मानतो. वऱ्हाडी तुम्हाला येत असेलच. ती बाइटमध्ये (बातमीत वापरलेल्या कोणाच्या बोलण्याच्या तुकड्यात) जशी आहे तशी राहू द्या, सबटायटल लावून ती प्रमाण मराठीत ‘सुधारण्याची’ सवय लावून घेऊ नका.

आता कागदाबद्दल. शासन निर्णय वाचताना बहुतेक पत्रकार थेट शेवटच्या पानावरच्या निर्णयाकडे जातात. तुम्ही वरच्या ‘संदर्भ’ या भागापासून सुरुवात करा. तिथे आधीच्या निर्णयांचे क्रमांक आणि दिनांक असतात. ते एकेक उघडत गेलात की काय बदलले, काय गुपचूप वगळले आणि कोणती मुदत तिसऱ्यांदा वाढवली हे समोर येते. १५ मार्च २०२४ च्या निर्णयाने संचमान्यतेचे निकष सुधारले, तेव्हा त्याचा अर्थ जुन्या निकषांशेजारी ठेवल्याशिवाय लागत नव्हता. कमी पटाच्या शाळेत किती शिक्षक उरणार, हे त्या तुलनेतूनच कळत होते. त्याच वर्षी ९ फेब्रुवारीला शिक्षण हक्क कायद्याच्या राज्य नियमांत बदल करून, एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेला २५ टक्के राखीव प्रवेशांतून सूट देण्यात आली होती. जुलैमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो बदल रद्द केला. मूळ कायदा २००९ चा, नियम राज्याचे, आणि नियम कायद्याच्या पलीकडे जाऊ शकत नाहीत, एवढा क्रम ज्याला माहीत होता त्याला अधिसूचना निघाली त्याच दिवशी पुढचा वाद दिसला होता. वकिलीची पदवी यासाठी लागत नाही. शिक्षण हक्क कायद्याची कलमे एकदा नीट वाचलेली असावीत. कलम २१ मधील शाळा व्यवस्थापन समिती, कलम १२ मधील राखीव प्रवेश आणि जनगणना, निवडणूक व आपत्ती यांखेरीज अशैक्षणिक कामे शिक्षकांना देऊ नयेत असे सांगणारे कलम २७, ही तीन कलमे तर वर्षभर कामाला येतात.

माणसांच्या बाबतीत माझा सल्ला जरा उलटा आहे. शिक्षणाधिकारी बदलतात, आणि कॅमेऱ्यापुढे ‘चौकशी करून कारवाई करू’ यापलीकडे ते सहसा जात नाहीत. केंद्रप्रमुख, गटशिक्षणाधिकारी कार्यालयातील जुने लिपिक, शाळा व्यवस्थापन समितीच्या अध्यक्ष असलेली एखादी आई, आणि पोषण आहार शिजवणाऱ्या बाई, ही तुमची खरी माहितीची ठिकाणे आहेत. पोषण आहाराचा कागदी हिशेब सोपा आहे: पहिली ते पाचवीसाठी प्रतिदिन १०० ग्रॅम आणि सहावी ते आठवीसाठी १५० ग्रॅम धान्य. चव नोंदवहीत रोज कोणाची सही आहे, नोंदवलेले लाभार्थी आणि त्या दिवशीची हजेरी जुळते का, हे पाहायला दहा मिनिटे लागतात. स्वयंपाक करणाऱ्या बाईंना किती महिन्यांचे मानधन आलेले नाही हे विचारायला आणखी एक मिनिट लागते, आणि अनेकदा बातमी त्या एका मिनिटात असते.

शिक्षक संघटनांशी चांगले संबंध ठेवा, पण त्यांच्या आवाजाचे मोजमाप समजून घ्या. विधान परिषदेत नागपूर आणि अमरावती विभागांचे शिक्षक मतदारसंघ आहेत; त्यांत माध्यमिक स्तरापासून वरचेच शिक्षक मतदार असतात, प्राथमिक शिक्षकांना तिथे मत नाही. त्यामुळे टप्पा अनुदान, विनाअनुदानित शाळांतील वेतन, १ नोव्हेंबर २००५ नंतर नियुक्त झालेल्यांची जुनी पेन्शन हे विषय विधान भवनात हमखास गाजतात, आणि तिसरीच्या मुलाला वाचता येते का हा प्रश्न मात्र कोणाच्याच जाहीरनाम्यात अग्रभागी येत नाही. शिक्षकांचे प्रश्न खोटे आहेत असे मी म्हणत नाही. वीस-वीस वर्षे बिनपगारी काम केलेले शिक्षक मी पाहिले आहेत. परंतु शिक्षकांची बातमी आणि शिक्षणाची बातमी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि आठवड्यातली चारही वृत्ते पहिल्या प्रकारची होत असतील तर आपण कोणाचे प्रतिनिधी झालो आहोत, हे तपासायला हवे.

माहिती अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो आणि उत्तराची मुदत तीस दिवसांची आहे. दूरचित्रवाणीच्या घाईत तीस दिवस म्हणजे युग वाटते, म्हणून कोणी अर्जच करीत नाही. दर महिन्याला एक साधा, एकाच मुद्द्याचा अर्ज टाकत राहिलात तर वर्षाच्या अखेरीस तुमच्यापाशी अशी कागदपत्रे असतील जी दुसऱ्या कोणापाशी नाहीत. २०२५ मध्ये नागपूर विभागात बोगस शालार्थ आयडी (शिक्षकांच्या वेतन प्रणालीतील ओळख क्रमांक) तयार करून अपात्र शिक्षकांच्या नावे वेतन काढल्याचे आरोप पुढे आले आणि विशेष तपास पथक नेमले गेले. ते प्रकरण शेवटी मान्यतेचे आदेश, जावक क्रमांक (कार्यालयातून बाहेर जाणाऱ्या पत्रावरचा क्रमांक) आणि सह्या यांच्याभोवतीच फिरत होते. असा विषय जावक नोंदवही म्हणजे काय हे माहीत असलेल्यालाच पेलतो.

आकडेवारीच्या बाबतीत एक सावधगिरी सांगतो. असर हा सर्वेक्षण अहवाल ग्रामीण भागात घरोघरी जाऊन केला जातो. साधारणपणे जिल्ह्यातील ३० गावे आणि प्रत्येक गावातील २० घरे अशी त्याची निवड असते, आणि मुलाला दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता येतो का, वजाबाकी-भागाकार येतो का, हे एकेकाला बसवून पाहिले जाते. म्हणजे त्यावरून तुमच्या तालुक्याबद्दल काहीही म्हणता येत नाही, शाळेबद्दल तर मुळीच नाही. राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षण (२०२४ मध्ये ‘परख’ राष्ट्रीय सर्वेक्षण) शाळेत होते, वेगळ्या इयत्तांसाठी होते आणि त्याची चाचणी वेगळी असते. दोघांचे आकडे एका पट्टीवर शेजारी मांडून ‘घसरण’ किंवा ‘झेप’ दाखवणारे ग्राफिक्स मी वाहिन्यांवर वारंवार पाहिले आहेत. डेस्क तसे मागेल तेव्हा दोन्ही मोजमापांतला फरक एका वाक्यात सांगता येणे, ही शिक्षण प्रतिनिधीची किमान पात्रता समजावी.

आकाशवाणीकडे आजची मुले वळून पाहत नाहीत, याचे मला वाईट वाटते, कारण लिहायला तिथेच शिकता येते. नागपूर केंद्र १९४८ पासून आहे. अकोला, यवतमाळ, चंद्रपूर इथेही केंद्रे आहेत, नागपूरहून मराठी प्रादेशिक बातम्या जातात, जिल्ह्याच्या ठिकाणी अंशकालीन वार्ताहर नेमले जातात आणि नैमित्तिक वृत्तनिवेदकांसाठी आवाजाची चाचणी होते. जिथे मोबाइलला रेंज नाही अशा गावांत अजूनही रेडिओ पोहोचतो. टाळेबंदीच्या काळात २०२० मध्ये नागपूर आकाशवाणीवरून ‘शाळेबाहेरची शाळा’ हा कार्यक्रम प्राथमिकच्या मुलांसाठी सुरू झाला, तेव्हा ज्या घरांत स्मार्टफोन नव्हता तिथे तो ऐकला गेला, हे अनेक शिक्षकांनी मला सांगितले.

रेडिओची वाक्यरचना कशी असते ते पाहा. जिल्हा परिषदेचे प्रसिद्धिपत्रक साधारण असे येते: ‘जिल्ह्यातील कमी पटसंख्येच्या शाळांमधील अतिरिक्त ठरणाऱ्या शिक्षकांच्या समायोजनाची प्रक्रिया समुपदेशनाद्वारे राबविण्यात येणार आहे.’ हे जसेच्या तसे वाचणारे निवेदक आहेत. ऐकणाऱ्याला यातून काय कळले? मी ते असे लिहीन: ‘ज्या शाळांत मुले कमी झाली आहेत, तिथल्या काही शिक्षकांना आता दुसऱ्या शाळेत पाठवले जाणार आहे. कोणी कुठे जायचे, हे शिक्षकांना समोर बोलावून ठरवले जाईल.’ यानंतर लगेच पुढचा प्रश्न आपोआप उभा राहतो, की मागे राहिलेल्या मुलांना कोण शिकवणार. प्रसिद्धिपत्रकाच्या भाषेत तो प्रश्न झाकला गेला होता. दूरचित्रवाणीच्या निवेदनालाही हाच नियम लागू आहे, फक्त तिथे जे चित्रात दिसते ते शब्दांत पुन्हा सांगायचे नाही. आवाजही गोळा करायला शिका. परिपाठातील प्रतिज्ञा, सुरात म्हटलेले पाढे, हापशीचा कर्कश आवाज, खिचडीच्या ओळीतली ताटल्यांची खणखण, आणि काहीच घडत नसतानाचा वर्गाचा एक मिनिट; संकलन करताना या शेवटच्या मिनिटाची किंमत कळते.

ओघात एक नियम सांगतो, जो तुमच्या उपयोगाचा आहे. खासगी एफएम केंद्रांना स्वतःच्या बातम्या देण्याची परवानगी नाही, ती आकाशवाणीच्या बातम्याच प्रसारित करू शकतात. परंतु परीक्षा, निकाल, प्रवेश आणि करिअर मार्गदर्शन हे विषय धोरणानेच ‘बातमी’च्या व्याख्येतून वगळलेले आहेत. म्हणजे नागपूर-अकोल्याच्या एफएमवर, जिथे राजकारणावर एक शब्द बोलता येत नाही, तिथे प्रवेशप्रक्रियेतील अडचणींवर रोज अर्धा तास बोलता येतो. ही जागा अद्याप बऱ्यापैकी रिकामी आहे.

मुलांच्या बाबतीत कायदा कडक आहे आणि तालुका पातळीवर तो सर्रास मोडला जातो. लैंगिक अत्याचारापासून बालकांचे संरक्षण कायद्याच्या कलम २३ प्रमाणे पीडित मुलाचे नाव, छायाचित्र, कुटुंब, वस्ती याबरोबरच शाळाही उघड करता येत नाही. बाल न्याय कायद्याचे कलम ७४ असेच आहे. आश्रमशाळेतील अत्याचाराची बातमी करताना शाळेची पाटी दाखवणे, वसतिगृहाच्या अधीक्षकाची ओळख पटेल असे गाव सांगणे आणि मुलीच्या चेहऱ्यावर तेवढी जाळी टाकणे, यात कायद्याचे पालन होत नाही. लहान गावात आवाजही ओळखला जातो. अशा बातमीत आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयाने तपासणी केव्हा केली होती, स्त्री अधीक्षकाचे पद किती काळ रिक्त होते, या गोष्टींवर भर दिला तर मुलीला न दाखवताही बातमी पूर्ण होते.

कायद्यात न बसणारी, पण मला त्याहून जास्त खटकणारी एक प्रथा आहे. बूम (वाहिनीचा माइक) घेऊन अचानक वर्गात शिरायचे, मुलाला उभे करून राष्ट्रपती कोण, सतराचा पाढा म्हण, असे विचारायचे, तो अडखळला की ते दृश्य संथ गतीने दाखवायचे आणि वर शिक्षकालाही तोच प्रश्न करायचा. कॅमेऱ्यापुढे मीसुद्धा सतराचा पाढा अडखळत म्हणेन. यातून शिक्षणाची गुणवत्ता कळत नाही, एका मुलाची गावभर टिंगल मात्र होते. बारावीच्या परीक्षेत भिंतीवर चढून कॉपी पुरवणाऱ्यांची दृश्ये दाखवायला हरकत नाही, पण परीक्षा केंद्राला परवानगी कोणत्या निकषांवर मिळाली आणि त्या कनिष्ठ महाविद्यालयात विज्ञान शाखेचे वर्ग वर्षभर भरले होते का, हे विचारणारा प्रतिनिधी मला क्वचितच भेटला.

आता पैशाबद्दल, स्पष्टपणे. जिल्ह्यातील बहुसंख्य दूरचित्रवाणी प्रतिनिधी स्ट्रिंगर आहेत. त्यांना बातमीमागे पैसे मिळतात, ते उशिरा मिळतात, आणि पेट्रोल, कॅमेरा, लॅपटॉप स्वतःचा असतो. शिक्षणाच्या बातम्या अपघात आणि गुन्ह्यांच्या मानाने कमी चालतात, म्हणून केवळ त्यांवर स्ट्रिंगरचे घर चालत नाही. पगारी जागा नागपुरात आहेत, त्याही मोजक्या. त्यामुळे सुरुवातीची वर्षे बहुतेकांना जोडधंदा करावा लागतो, आणि इथेच या विषयाचा मोठा धोका आहे. मे-जूनमध्ये शिक्षणसंस्था आणि शिकवणी वर्ग प्रवेशाच्या जाहिराती देतात. त्या जाहिराती आणण्याचे काम वाहिन्या प्रतिनिधींवरच टाकतात आणि त्यावर कमिशनही देतात. ज्या संस्थेची जाहिरात तुम्ही आणली, तिच्या शुल्कवाढीची बातमी तुमच्या हातून होणार नाही. विदर्भात अनेक मोठ्या संस्था राजकीय घराण्यांच्या आहेत, त्यामुळे एक जाहिरात अनेक तोंडे बंद करते. माझा सल्ला असा की जोडधंदा करा, पण तो शिक्षणक्षेत्राबाहेरचा ठेवा: भाषांतर, माहितीपटांचे निवेदन, कृषी कार्यक्रमांचे चित्रीकरण, लग्नाचे व्हिडिओसुद्धा चालतील. जाहिरातीचे लक्ष्य स्वीकारावेच लागले, तर निदान शाळा आणि शिकवणी वर्ग वगळून द्या असे पहिल्याच दिवशी लेखी कळवा. पुष्कळदा ते मान्य होते, कारण तोपर्यंत तसे कोणी मागितलेलेच नसते.

औपचारिक शिक्षणाबद्दल फार लिहीत नाही. भारतीय जनसंचार संस्थेचे केंद्र अमरावतीतच आहे, नागपूर विद्यापीठाचा जनसंवाद विभाग आहे. जे परवडेल आणि जिथे प्रवेश मिळेल ते करा. कॅमेरा, संकलन आणि मोजो (मोबाइलवरची पत्रकारिता) यूट्यूब वाहिनीवर तुम्ही शिकतच आहात. त्याऐवजी एका जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेत, म्हणजे डाएटमध्ये, परवानगी घेऊन शिक्षक प्रशिक्षणाचे दोन-तीन दिवस मागे बसून पाहा. मूल वाचायला कसे शिकते, हे माहीत नसताना वाचनाच्या बातम्या करणे अवघड आहे.

मुंबईला जायचे की नाही हा प्रश्न तीन-चार वर्षांनी पुन्हा काढा, आणि तेव्हा जाताना नमुन्यादाखल सोबत काय न्याल याची तयारी आत्ताच सुरू करा. सर्वसाधारणपणे उमेदवार मोर्च्यातले थेट प्रक्षेपण, मंत्र्यांची बाइट आणि पाण्यात उभे राहून केलेले पी-टू-सी (कॅमेऱ्याकडे पाहून केलेले निवेदन) यांची फीत नेतात. संपादकांनी ती शेकड्यांनी पाहिलेली असते. तुम्ही एकाच केंद्रातील एका शाळेवर वर्षभरात केलेल्या चार बातम्या न्या: जूनमधली, ३० सप्टेंबरची, स्थलांतराच्या काळातली आणि मार्चमधली, प्रत्येकीमागचा शासन निर्णय किंवा माहिती अधिकाराचे उत्तर जोडून. आणि नेमणूक मिळत असेल तर पगाराची बोलणी करण्याआधी, शिक्षण हा स्वतंत्र विषय म्हणून तुमच्याकडे राहणार आहे की सर्वसाधारण वार्तांकनाच्या फेऱ्यांत अधूनमधून येणार आहे, आणि वर्षातून किती वेळा मुंबईबाहेर चित्रीकरणाला पाठवतील, हे विचारून घ्या. दुसऱ्या प्रश्नाला उत्तर टाळले गेले तर नागपूरची कमी पगाराची जागा मी अधिक पसंत करीन.